वड्याचं तेल बांबीवर

‘बांबी’ ऑगस्ट १९४२ मध्ये पडद्यावर आला. तेव्हापासून त्याच्यावर झालेले आरोप एका रांगेत मांडले तर ते एकमेकांशीच भांडू लागतात. कोणी म्हणतं, चित्रपट फार गोड आहे. कोणी म्हणतं, मुलांची झोप उडावी इतका भयंकर आहे. कोणाला त्यातला निसर्ग खोटा वाटतो, तर कोणाला तो इतका खरा वाटतो की कार्टूनची मजाच गेली. शिकाऱ्यांना तो आपली बदनामी वाटला. वन्यजीवांचं व्यवस्थापन करणाऱ्यांना तो भाबडेपणाचा कारखाना वाटला. फेलिक्स साल्टनच्या मूळ कादंबरीवर जीव असणाऱ्यांना वाटलं की एका कडू पुस्तकाचा मुरांबा केला. सत्तर मिनिटांच्या आणि जेमतेम हजारभर शब्दांचे संवाद असलेल्या एका चित्रपटाच्या हातून इतकी पापं झाली असतील, तर त्याची ताकद अजबच म्हणायची.

माझं म्हणणं असं की यातली बहुतेक पापं त्याची नाहीत. टीकाकार समजतात त्यापेक्षा ‘बांबी’ बराच कठोर चित्रपट आहे, आणि अनेकांनी आपापल्या चुका त्याच्या खात्यावर लिहून टाकल्या आहेत. त्याचा एक दोष खरा आहे आणि मोठाही आहे. गंमत म्हणजे त्याकडे बोट दाखवणारे फार थोडे.

पहिली तक्रार शिकाऱ्यांची. ‘आउटडोअर लाइफ’ या शिकार-मासेमारीच्या अमेरिकन मासिकाचे तेव्हाचे संपादक रेमंड ब्राउन यांनी वॉल्ट डिस्नेला तार केली. वसंतात हरीण मारणं अमेरिकेत बेकायदा आहे. कायदा पाळणाऱ्या शिकाऱ्याचा हा अपमान आहे. तेव्हा चित्रपटाच्या सुरुवातीला तसा खुलासा टाका, ही त्यांची मागणी. डिस्नेने खुलासा टाकला नाही, आणि बरंच केलं. ब्राउन यांचा युक्तिवाद असा की कायदा आहे, म्हणून तसं घडत नाही. या न्यायाने चोरीवरची गोष्टच सांगता येणार नाही, कारण चोरीला शिक्षा आहे. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांची अवस्था आधीच्या दोन पिढ्यांनी पाहिली होती. मांस आणि कातड्याच्या बाजारासाठी चाललेल्या बेसुमार शिकारीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साऱ्या देशातली त्यांची संख्या काही लाखांवर आली होती. शिकारीचे हंगाम, परवाने, माद्या मारण्यावरची बंदी हे सगळं त्यानंतर आलं. म्हणजे ज्या कायद्याचा दाखला ब्राउन देत होते, तो बंदुकवाल्यांच्याच करणीमुळे करावा लागला होता.

दुसरं म्हणजे, या चित्रपटात शिकारी कुठेच दिसत नाही. एकदाही नाही. संगीतातले तीन सूर पुन्हा पुन्हा येतात, पक्षी उडतात, कुरणावरची सगळी जनावरं एका दिशेने पळत सुटतात, गोळीचा आवाज येतो, बस. आगीत होरपळून मेलेला माणूस दाखवायचा विचार स्टुडिओत झाला होता, तोही काढून टाकला. ज्याला चेहरा नाही, टोपी नाही, भाषा नाही, त्याच्यात स्वतःला ओळखून चिडायचं, हा प्रकार चोराच्या मनात चांदणं यापेक्षा वेगळा नाही. ही गोष्ट युरोपातली आहे, अमेरिकन शिकाऱ्याशी तिचा संबंध काय, असा बचाव करायला मात्र जागा उरलेली नव्हती, हेही मान्य केलं पाहिजे. साल्टनच्या पुस्तकातला बांबी युरोपातलं छोटं रो हरीण आहे. डिस्नेने त्याचं अमेरिकन पांढऱ्या शेपटीचं हरीण केलं. त्यासाठी मेन राज्यातल्या जंगलाची ढीगभर छायाचित्रं काढवून घेतली आणि तिथून दोन पाडसं लॉस एंजेलिसला आणून स्टुडिओत ठेवली. तेव्हा बाण लागायचा तिथेच लागला. ब्राउन यांना तो लागला याबद्दल माझी तक्रार नाही. बाण खोटा आहे, या त्यांच्या म्हणण्याबद्दल आहे.

आता चित्रपट-समीक्षकांकडे. मॅनी फार्बर हा त्या काळचा सर्वांत तिखट जिभेचा अमेरिकन समीक्षक. त्याने ‘न्यू रिपब्लिक’मध्ये ‘बांबी’ची साखरेवरून टर उडवली. त्याचा आक्षेप नीट ऐकण्यासारखा आहे. डिस्नेची आधीची चित्रं कल्पनेच्या जोरावर उड्या मारत. भिंतीवर आपटून चपटं झालेलं जनावर पुन्हा उठून पळे. ‘बांबी’मध्ये ही मस्ती सोडून हाडामांसाच्या सिनेमाची नक्कल केली आहे, आणि वर ही जनावरं हॉलिवूडला माणसं जशी वागतात असं वाटतं तशी वागतात. ‘न्यू यॉर्क टाइम्स’चाही सूर असाच होता: इतक्या सफाईच्या नादात व्यंगचित्राचं सारं जग हातचं जाईल.

फार्बरचा अर्धा आक्षेप पात्रांबद्दल आहे आणि तो काही प्रमाणात पटतो. ससा थंपर हा शेजारच्या घरातला वाह्यात पोरगा आहे. वसंत आल्यावर एकेक जण प्रेमात पडतो तो सगळा भाग १९४०च्या संगीतपटातून उचललेला वाटतो, आणि मला तो आजही पाहवत नाही. पण उरलेला अर्धा, वास्तवाच्या नकलेचा, तो साफ चुकला आहे. फार्बरने हरणाच्या पायांकडे पाहिलं. हरणाच्या मागे काय आहे ते पाहिलं नाही.

हरणाच्या मागे टायरस वाँग होता. १९१० मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात जन्मलेला हा मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना बापाबरोबर अमेरिकेत आला. चिन्यांना देशात येऊ न देण्याचे कायदे तेव्हा लागू होते. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या एंजल आयलंडवर त्याला अडकवून ठेवलं, उलटतपासण्या घेतल्या, मग आत सोडलं. १९३८ मध्ये तो डिस्नेकडे लागला तो सर्वांत खालच्या कामावर: दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं भरायची. ‘बांबी’ची तयारी चालू असताना कलावंतांची एक अडचण होती. प्रत्येक पान, प्रत्येक फांदी नेमकी काढल्यावर त्या गर्दीत हरीणच हरवून जाई. वाँगने सुंग काळातल्या चिनी निसर्गचित्रांच्या वळणाने काही छोटी चित्रं काढून दाखवली. त्यांत जंगल जवळजवळ नव्हतंच. धुकं होतं, ओलसर हिरवा उजेड होता, दोन-चार फटकाऱ्यांत उभी राहिलेली खोडं होती, आणि मधे नेमकं उमटलेलं एक हरीण. पुऱ्या चित्रपटाचा पोत या चित्रांवरून ठरला. श्रेयनामावलीत मात्र वाँगचं नाव पार्श्वभूमी रंगवणाऱ्यांच्या रांगेत एक म्हणून आलं. आणि १९४१ मध्ये स्टुडिओत झालेल्या संपानंतर, स्वतः संपात नसूनही, त्याला नोकरीवरून काढलं. चित्रपट पडद्यावर आला तेव्हा तो स्टुडिओत नव्हता. २०१६ मध्ये १०६ वर्षांचा होऊन तो गेला, तोवर जगाला त्याचं काम कळलं होतं.

फार्बरला हे माहीत असणं शक्य नव्हतं. पडद्यावर दिसत होतं ते त्याने पाहायला हवं होतं. रॉनो नावाच्या नराशी बांबीची झुंज होते तो प्रसंग पाहा. अंगावरचे तपशील जवळजवळ पुसले जातात. काळोखात कडांवर फक्त पिवळी-तपकिरी धार राहते, दोन सावल्या एकमेकींवर आदळतात. याला छायाचित्राची नक्कल म्हणायचं असेल, तर असं छायाचित्र मला कोणी दाखवावं. याच चित्रपटात शिंगांचा कोन वळताना चुकू नये म्हणून शिंगांचा साचा करून तो फिरवत चित्रित केला आणि त्यावरून रेषा गिरवल्या, हेही खरं. रिको लेब्रन हा चित्रकार स्टुडिओतल्या लोकांना हरणाची हाडं आणि स्नायू शिकवत होता. शरीर काटेकोर आणि जग धूसर, या जोडीत ‘बांबी’चं सगळं कसब आहे. समीक्षक तिचं एकच टोक धरून बसले.

साखरेचा आरोप याहून जुना आणि जास्त पसरलेला. ‘बांबी’ म्हटलं की मोठ्या डोळ्यांचं, लटपटत्या पायांचं पिल्लू आठवतं. शुभेच्छापत्रं, पोरांचे कपडे आणि खेळण्यांच्या दुकानांनी ती आठवण पक्की केली. पण ती पहिल्या वीस मिनिटांची आठवण आहे. थंडीचा भाग पुन्हा पाहावा. बर्फावर घसरण्याची मौज संपली की चित्रपट एकदम भुकेवर येतो. हिरवं काही उरलेलं नाही. बांबी आणि त्याची आई झाडांची सालं खातात. खालची सालं संपतात, आईला मान ताणून वरची ओरबाडावी लागते. पिल्लू म्हणतं, भूक लागलीये. आई म्हणते, ठाऊक आहे. दुसरं काही देण्यासारखं तिच्याकडे नाही. मग बर्फातून कोवळं गवत डोकावतं, दोघं त्यावर तुटून पडतात, आणि चाहूल लागून, घास टाकून पळतात तोच गोळी सुटते.

मुलांसाठी केलेल्या चित्रपटात १९४२ साली हे दाखवलं आहे. आईचं मरण पडद्यावर नाही. बर्फ पडत राहतो, पिल्लू हाका मारत राहतं. मग बाप येतो आणि एका वाक्यात सांगतो की आई आता तुझ्याबरोबर राहू शकणार नाही. पाडस बापामागे चालू लागतं. पुढच्या दृश्यात वसंत आणि पाखरांचं गाणं. हा उडीसारखा बदल अनेकांना खटकतो. दुःखाला जागाच दिली नाही, म्हणतात. मला तर तो चित्रपटातला सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो. साखर घालायचीच असती तर ती इथे घालता आली असती: एक विलाप, एक स्वप्न, ढगांत दिसणारी आई. त्यातलं काही नाही. जंगल थांबत नाही, एवढंच दाखवून चित्रपट पुढे जातो. शेवटपर्यंत आईचा उल्लेखही परत येत नाही. फार गोड म्हणणाऱ्यांनी आणि फार क्रूर म्हणणाऱ्यांनी हा भाग शेजारी शेजारी बसून पाहावा आणि आधी आपसात ठरवून घ्यावं.

जाता जाता एक. छोट्या बांबीला आवाज देणारा डॉनी डनागन पुढे अमेरिकन मरीन दलात गेला, व्हिएतनामच्या लढाईत जखमी झाला, मेजर झाला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत आपण बांबी होतो हे त्याने कोणाला कळू दिलं नाही. हाताखालचे ‘मेजर बांबी’ म्हणून चिडवतील ही भीती. चित्रपटाची कीर्ती आणि चित्रपट यांत किती अंतर पडलं होतं, ते एवढ्यावरून कळावं. भुकेनंतरच्या पहिल्या घासालाच आई गमावलेल्या पात्राच्या नावाची शरम वाटावी, इतकं ते नाव गुळचट झालं होतं.

प्राणिशास्त्राच्या अंगाने येणारी टीका मला सर्वांत कमजोर वाटते. घुबड आणि ससा मित्र कसे? घुबड सशाच्या पिल्लाला फाडून खाईल. स्कंक आणि हरीण एकत्र कशाला हिंडतील? ज्यांच्या घरात पंचतंत्र वाचलं जातं त्यांना या प्रश्नाचं हसू यावं. त्यातल्या मित्रसंप्राप्तीत लघुपतनक कावळा आणि हिरण्यक उंदीर यांची दोस्ती जमते. कावळा उंदराला खातो हे गोष्ट सांगणाऱ्याला पुरेपूर माहीत आहे. हिरण्यक स्वतःच ते तोंडावर सांगतो आणि बिळाबाहेर यायला तयार होत नाही. पुढे मंथरक कासव येतं, चित्रांग हरीण येतं, आणि पारधी जाळं घेऊन येतो तेव्हा चौघं मिळून सुटका करून घेतात. तिथेही माणूस शत्रू आहे. पंचतंत्राने पिढ्यानपिढ्यांच्या मुलांना अन्नसाखळी चुकीची शिकवली, असा लेख अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. बोलणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टीचा करार ऐकणारा मूल असला तरी समजतो. तो कळत नाही तो प्रौढ टीकाकाराला.

अर्थात करार निरनिराळे असतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्या आहेत, नवा नर टोळी बळकावतो आणि आधीच्याची पिल्लं मारतो. तिथे लेखकाने निरीक्षणाशी इमान राखायचं कबूल केलं आहे आणि ते राखलं आहे. माडगूळकर स्वतः शिकार करत असत. साल्टनही शिकारी होता. बंदूक हातात धरलेल्या माणसानेच जनावराच्या बाजूने लिहावं यात विसंगती दिसते, ती फक्त शिकार न केलेल्यांना.

आता मुख्य आरोप. गेल्या काही दशकांत ‘बांबी’वर सर्वांत गंभीर टीका झाली ती इतिहासाच्या आणि निसर्ग-संवर्धनाच्या अभ्यासकांकडून. राल्फ लट्स यांनी १९९२ मध्ये अमेरिकनांच्या निसर्गकल्पनेवर या चित्रपटाने केलेल्या परिणामाबद्दल शोधनिबंध लिहिला. मॅट कार्टमिल यांनी १९९३ च्या शिकारविषयक पुस्तकात ‘बांबी’ला एक आख्खं प्रकरण दिलं. दोघंही विचार करून लिहिणारे आहेत. पण त्यांच्या लेखनातली सावधगिरी गळून पडली आणि वृत्तपत्रांपर्यंत येईतो उरला तो एक सोपा निष्कर्ष: हरणं फार वाढली की काही मारावी लागतात, नाहीतर ती जंगल खाऊन टाकतात आणि उपाशी मरतात, लोक हे ऐकत नाहीत, कारण लहानपणी त्यांनी ‘बांबी’ पाहिलेला असतो.

याचा पुरावा म्हणून विस्कॉन्सिन राज्याची गोष्ट सांगतात. वन्यजीव-अभ्यासक आल्डो लिओपोल्ड १९४३ मध्ये तिथल्या संवर्धन आयोगावर नेमले गेले. उत्तरेकडच्या जंगलात हरणांची संख्या इतकी वाढली होती की हिवाळ्यात त्यांची उपासमार होत होती आणि कोवळी झाडं शिल्लक राहत नव्हती. माद्या आणि पाडसंही मारायला परवानगी द्या, असा लिओपोल्ड यांचा आग्रह होता. त्या वर्षी तसा हंगाम झाला, सव्वा लाखांहून अधिक हरणं मारली गेली, आणि राज्यात असा भडका उडाला की त्या हंगामाला लोक ‘त्रेचाळीसचा गुन्हा’ म्हणू लागले. लिओपोल्ड पुढे अखेरपर्यंत शिव्या खात राहिले. चित्रपट आला १९४२ मध्ये, भडका १९४३ मध्ये. झालं, कावळा बसला आणि फांदी मोडली.

पण हा भडका कोणी उडवला? शहरातल्या बालप्रेक्षकांनी नव्हे. ‘विस्कॉन्सिनची हरणं वाचवा’ म्हणत जी मोहीम उभी राहिली, तिच्यात मोठा भरणा खुद्द शिकाऱ्यांचा होता, आणि शिकाऱ्यांच्या व पर्यटकांच्या पैशावर चालणाऱ्या उत्तरेकडच्या हॉटेलवाल्यांचा. त्यांना हरणं हवी होती ती पुढच्या वर्षी मारायला. मादी मारायची नाही, शिंगवाला नरच मारायचा, हा दंडक त्यांच्या अंगात भिनलेला होता, कारण तो राज्याच्या वन्यजीव खात्यानेच त्यांना शिकवला होता. विस्कॉन्सिनमध्ये फक्त नर मारण्याचा कायदा १९१५ पासून आला. पेनसिल्व्हेनियात तो १९०७ मध्येच झाला होता. हरणं नामशेष होत आली असताना हे कायदे शहाणपणाचे होते. पुढे संख्या वाढली. पण मादी मारणं पाप आहे हा उपदेश पंचवीस-तीस वर्षं केल्यावर तो एका फतव्याने मागे घेता येईना. हे कायदे झाले तेव्हा साल्टनची कादंबरीसुद्धा लिहिली गेलेली नव्हती. ती १९२२ मध्ये व्हिएन्नाच्या वृत्तपत्रातून क्रमशः आली आणि १९२३ मध्ये पुस्तक झालं. चित्रपटाचं तर विचारूच नका. पहिल्या प्रदर्शनात तो तोट्यात गेला. युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद होती. त्याचं खरं वजन १९४७ पासूनच्या पुनःप्रदर्शनांतून वाढत गेलं. एका वर्षात, नुकसानीत चाललेल्या एका कार्टूनने एका राज्यातल्या परवानाधारक शिकाऱ्यांची मतं फिरवली, हे मानायला मी तयार नाही. खात्याचं धोरण, हॉटेलांचा धंदा आणि शिकाऱ्यांचा लोभ या वड्यांचं तेल बांबीच्या वांग्यावर काढलं, एवढाच त्याचा अर्थ.

आणि चित्रपटात काय आहे, हे पुन्हा एकदा आठवावं. हिवाळ्यात उपासमार, संपलेली खालची सालं, मान ताणून वर पोहोचणारी आई. लिओपोल्ड आपल्या राज्याला जे कळवळून सांगत होते, त्याचं चित्र त्याच सुमाराला लोकांच्या समोर पडद्यावर होतं. व्यवस्थापनवाल्यांनी ‘बांबी’ला शिव्या देण्याऐवजी त्यातली ही दोन मिनिटं मागून घेतली असती, तर सभेत दाखवायला कामी आली असती.

वणव्याचंही तसंच. चित्रपटात माणसांनी पेटवलेल्या शेकोटीची ठिणगी उडून जंगल जळतं. १९४४ मध्ये अमेरिकेच्या वणवाविरोधी मोहिमेने डिस्नेकडून बांबीचं चित्र वर्षभरासाठी उसनं घेऊन पोस्टर काढलं. मुदत संपणार म्हणून स्वतःचं एक पात्र हवं झालं आणि त्याच वर्षी स्मोकी नावाचं अस्वल जन्माला आलं. पुढे वनशास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं की प्रत्येक आग विझवत गेल्याने जंगलात वाळका पाचोळा साठतो आणि मग लागणारी आग आवरत नाही. तेव्हा या अस्वलाबरोबर हरणालाही दोष लागला. दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची, हा नियम तिथल्या वनखात्याने केला तो १९३५ मध्ये. चित्रपटाच्या सात वर्षं आधी. चित्रपटाचं म्हणाल, तर आगीनंतरच्या वसंतात तेच जंगल पुन्हा हिरवं झालेलं आहे आणि त्यात जुळी पाडसं जन्मली आहेत.

‘बांबी’ने लोकांना भाबडं केलं, हा आयात आरोप आपल्याकडेही अधूनमधून ऐकू येतो, म्हणून थोडं. विदर्भात रोही आणि रानडुकरं उभं पीक झोपवतात, सोलापूरकडे काळवीट ज्वारीत शिरतात. रात्रभर मचाणावर जागणाऱ्या शेतकऱ्याचा संताप खरा आहे, आणि त्याला पुण्या-मुंबईतून प्राणिदया शिकवणाऱ्यांचा मलाही कंटाळा येतो. पण या दयेला ‘बांबी’ची लागण म्हणणं म्हणजे निदानच चुकवणं आहे. आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. तो करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे संस्थानिकांच्या आणि साहेबाच्या शिकारींनी ओस पडलेली जंगलं होती. नुकसानभरपाई वेळेवर न मिळणं, कुंपणाला पैसा नसणं, गायरानं आणि माळरानं नांगरली जाणं, यांतलं काहीही कोणत्याही कार्टूनमुळे झालेलं नाही.

साल्टनभक्तांचं म्हणणं मात्र मी इतक्या सहज उडवून लावणार नाही. मूळ पुस्तक मुलांसाठी लिहिलेलं नव्हतं. साल्टन ज्यू होता, बुडापेस्टात जन्मलेला आणि व्हिएन्नात वाढलेला. नात्झींनी १९३६ मध्ये त्याच्या पुस्तकावर बंदी घातली. तो स्वित्झर्लंडला पळाला आणि १९४५ मध्ये तिथेच गेला. कादंबरीत गोबो नावाचं एक हरीण आहे. त्याला माणसं पाळतात, गळ्यात पट्टा बांधतात. आपल्याला माणसापासून धोका नाही अशा विश्वासाने तो परत येतो आणि मारला जातो. जॅक झाइप्स यांनी २०२२ मध्ये नवं इंग्रजी भाषांतर केलं तेव्हा या साऱ्यात युरोपातल्या ज्यूंची कथा वाचली, आणि डिस्नेने ती पुसली असं बजावलं. ते वाचन पटो न पटो, गोबो चित्रपटात नाही हे खरं. आणि नसण्याची यादी इथेच संपत नाही. माझी स्वतःची तक्रार याच यादीतली आहे.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात शेकडो हरणं चोरून मारणाऱ्या एका माणसाला न्यायाधीशाने वर्षभराच्या कैदेत महिन्यातून एकदा तरी ‘बांबी’ पाहण्याची शिक्षा दिली. जगभर ही बातमी हसून वाचली गेली. न्यायाधीशाने आणि हसणाऱ्यांनी एकच गृहीत धरलं होतं: या चित्रपटात जंगल निरागस आहे आणि मरण फक्त माणसाकडून येतं. या एका बाबतीत ते चुकले नव्हते, आणि इथेच चित्रपटाची चूक आहे. साल्टनच्या जंगलात जनावरं एकमेकांना मारतात. कावळे सशाच्या आजारी पिल्लाला टोचून मारतात, कोल्हा फेझंट पक्षी फाडतो, अंगावर जखम घेऊन खार झाडावर पळते आणि थोड्या वेळाने खाली पडते. बांबी हे पाहत मोठा होतो. त्यामुळे माणूस येतो तेव्हा त्याचं वेगळेपण नेमकं कळतं: तो दुरून मारतो, भुकेशिवाय मारतो. डिस्नेच्या जंगलातून कोल्हा, लांडगा, मांजरकुळातला कोणी, सगळे हद्दपार आहेत. दात दिसतात ते शिकाऱ्यांच्या कुत्र्यांचे. घुबड सशाला खात नाही याबद्दल मी तक्रार करत नाही, तो गोष्टीचा करार झाला. पण हरणाला खाणारंच कोणी ठेवायचं नाही, हा करार नव्हे, ही काटछाट आहे. विस्कॉन्सिनमध्ये त्याच काळात लांडग्याच्या कातड्यावर सरकारी बक्षीस चालू होतं. ते १९५७ मध्ये थांबलं, आणि पुढच्या दोन-चार वर्षांत राज्यातले लांडगे संपले. तरुणपणी आपणच मारलेल्या एका लांडगिणीचे डोळे विझताना पाहिलेल्या लिओपोल्ड यांनी हरणं का वाढतात ते त्रेचाळीसच्या भडक्याच्या सुमाराला लिहून काढलं. ते १९४९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापलं गेलं. शिकाऱ्यांच्या संपादकाला चित्रपटात परवान्याचा हंगाम चुकलेला दिसला, समीक्षकाला साखर दिसली, व्यवस्थापकाला मतदार दिसला. लांडगा नाही, हे त्यांच्यापैकी कोणाला खुपलं नाही. कारण तो जंगलातही नको, यावर शिकारी, शेतकरी, सरकार आणि स्टुडिओ यांचं तेव्हा एकमत होतं.